गाडी बंद, पंखा चालू

शीळफाटा,
६ फेब्रुवारी २०२४

कमलेश,

फोनवर तुझं अर्धं वाक्य समुद्रातच राहतं आणि वॉट्सअॅप तुमच्या जहाजावर महिन्यातून चार दिवस चालतं, म्हणून मेल करतेय. सावकाश वाच, नीट उत्तर दे, टिंगल करू नकोस.

बाबांची तेरा सीटर गाडी बाहेर काढली. शाळेची पोरं सोडणं बंद केल्यापासून ती शेडमध्येच उभी होती. मीच चालवतेय. मागच्या सीटा काढल्या, दोन ठेवल्या, आणि उरलेल्या जागेत झोपायला फळी टाकली. आजकाल लोक गाडीतच घर करून फिरतात ना, तसं. शाळेतल्या दोघीतिघी मागे लागल्यात, सुट्टीत कोकणात जाऊया म्हणून.

प्रश्न असा आहे की इंजिन बंद असताना पंखा आणि लाइट चालू ठेवायचे तर कसे? गाडीची बॅटरी उतरते. दोनदा लोकांना ढकलायला बोलवावं लागलं. शीळफाट्याला प्रफुल्ल म्हणून इन्व्हर्टर बसवणारा आहे, तो बोलतो वेगळ्या बॅटऱ्या टाकूया. तू जहाजावर दिवसभर विजेचं हेच काम करतोस, तर तूच सांग.

बाबा ठीक आहेत. खातात, फिरतात. फिरतातच जास्त.

कल्पिता


सिंगापूरच्या बाहेर, नांगर टाकून,
११ फेब्रुवारी

ताई,

टिंगल करत नाही, पण चकित व्हायला तरी परवानगी आहे का? मिक्सरचा प्लग बदलायला मला हाक मारणारी माझी बहीण आता गाडीत घर करतेय. आईला सांगितलं असतं तर ती हसली असती.

प्रफुल्ल बरोबर बोलतोय. गाडीची जी बॅटरी आहे ती फक्त इंजिन चालू करण्यासाठी. एक जोराचा झटका देते आणि लगेच इंजिन तिला परत भरतं. तिच्यावर तासन् तास पंखा चालवला की ती खचते. गाडीत राहायचं तर राहणाऱ्यांसाठी वेगळा बॅटरी बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच लागतो. दोघांचा संबंध फक्त चार्जिंगपुरता, एरवी ह्याने त्याचं पाणी प्यायचं नाही.

आता मला यादी पाठव. काय काय चालवणार, किती तास, रोज की आठवड्यातून एकदा. फ्रिज आहे का, मोबाईल किती, मिक्सर, टीव्ही, जे असेल ते. त्यावरून बँक किती मोठा ते ठरेल. लोक उलटं करतात, आधी बॅटरी आणतात आणि मग विचारतात.

मी एप्रिलमध्ये उतरतोय. तोपर्यंत थांबलीस तर मीच बसवून देईन. कोकणाला मलाही घ्या.

इथे नऊ दिवस नांगरावर आहोत. जहाज जागेवरच गोल फिरतंय, आणि मीही.

कमलेश


शीळफाटा,
१५ फेब्रुवारी

कमलेश,

एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही.

यादी लहान आहे. दोन पंखे, दहा तास, रोज. एक छोटा लाइट, तेवढाच वेळ. तो मधेच बंद होता कामा नये. बस्स. फ्रिज नको, स्वयंपाक नाही. मोबाईल चार्जिंगचे पॉइंटही नको, मागे वायरी लोंबलेल्या चालणार नाहीत.

स्विच सगळे ड्रायव्हरच्या बाजूला हवेत, जाळीच्या पुढे. मागून हात पोचता कामा नये. हे प्रफुल्लला कळत नाहीये, तो बोलतो ताई, स्विच झोपणाऱ्याच्या हाताशी हवा ना. त्याला नीट कळेल असं तू लिहून दे, मी वाचून दाखवेन.

तो घरच्या इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या आणतोय, पाणी घालायच्या असतात त्या. फळीखाली खोका करून ठेवू बोलला, म्हणजे जागा जात नाही. शनिवारी बसवतोय. त्याच्या आत लिही.

कल्पिता


मलाक्काची सामुद्रधुनी,
१८ फेब्रुवारी

ताई,

दोन दिवस सॅटेलाइट बंद होता, तुझा मेल आज मिळाला. शनिवार काल झाला. बसवल्या असतील तर वायर सोडून ठेव, आणि हे आधी वाच.

पाण्याच्या बॅटऱ्या फळीखाली ठेवायच्या नाहीत. चार्ज होताना त्यातून गॅस निघतो. घरी पॅसेजमध्ये ठेवतो तेव्हा तो उडून जातो. बंद खोक्यात, बंद गाडीत, माणसाच्या अंथरुणाखाली तो साठतो, आणि त्याला एक ठिणगी पुरते. दुसरं, प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवा. प्रफुल्लने फ्यूज टाकलाय का ते बघ.

आता दुसरी गोष्ट. तुझी यादी मी चारपाच वेळा वाचली. कोकणात जाणाऱ्या चार बायका चहाचं भांडंसुद्धा घेत नाहीत? मोबाईल चार्ज करत नाहीत? रोज दहा तास पंखा, म्हणजे शाळेच्या दिवशीही, मग शाळेत कोण जातं? आणि जाळी कुठून आली? आतल्या माणसाचा हात स्विचला लागू नये असं कुणासाठी करतेयस?

गाडीत कोण असतं, ताई?

कमलेश


शीळफाटा,
१० मार्च

कमलेश,

तुझा १८ तारखेचा मेल मी त्याच दिवशी वाचला होता. वाचला आणि फोन उलटा ठेवला. राग आला. तिकडे बसून तुला जाळी दिसली, इथे मी वर्षभर काय करतेय ते नाही दिसलं. त्या रागात बॅटऱ्या तशाच राहू दिल्या. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

गाडीत बाबा असतात.

आई गेल्यावर पहिले काही महिने ते फक्त विसरायचे. दिवाळीनंतर चालायला लागले. सकाळी शर्टपँट घालून, केस विंचरून, ‘फर्स्ट शिफ्टची मानसा थांबली असतील’ असं बोलून निघायचे. ज्याच्या कामगारांची बस ते चालवायचे तो मोहन्याचा कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, पण ती बस त्यांच्या डोक्यात अजून रोज सुटते. एकदा कल्याण फाट्याला सापडले. एकदा पत्रीपुलावर, गाड्यांच्या मधोमध, हात वर करून ट्रॅफिक थांबवताना. डॉक्टर बोलले, हे वाढत जाणार. मी डिसेंबरमध्ये शाळेची नोकरी सोडली. तुला सांगितलं नाही, कारण तू बोलला असतास, बाई ठेव. ठेवलेल्या, दोन. दोघी पळाल्या.

मग एक दिवस वैतागून त्यांना तेरा सीटरमध्ये बसवलं आणि मोहन्याला नेलं. रस्ताभर शांत. माझ्या मागच्या सीटवर बसून एकेका स्टॉपचं नाव घेत होते. कारखान्याच्या भिंतीला लागून झाडं आहेत, तिथे गाडी थांबवली तर आडवे झाले आणि तीन तास झोपले. मीही झोपले, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. किती महिन्यांनी.

तेव्हापासून रोज सकाळी निघतो, संध्याकाळी घरी. मधे घरी आणलं की अंगणात उतरून चालायला लागतात. पण उन्हाचं पंख्याशिवाय झोपत नाहीत. पंख्यासाठी इंजिन चालू, इंजिनसाठी चावी लावलेली, आणि चावी लावलेल्या गाडीत बाबा. एकदा झोपेतून उठून सरळ ड्रायव्हर सीटवर बसले आणि गिअर टाकला. पुढे भाजीवाली बसलेली. म्हणून जाळी बसवली. मग मागच्या दाराने उतरायला लागले, म्हणून दाराला बाहेरून कडी. मग कडीला कुलूप. हे एका दिवसात नाही झालं रे, एकेक करून झालं, आणि प्रत्येक वेळी बरोबरच वाटलं. मलाही बाथरूमला जावं लागतं, कमलेश. त्यांच्या गोळ्या आणाव्या लागतात.

गेल्या मंगळवारी प्रफुल्लच्या बॅटऱ्या उतरलेल्या, म्हणून चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवलं. कुलूप लावलं आणि मेडिकलला गेले. सगळ्यांना मी वीस मिनिटं सांगते. पस्तीस झालेली. औषधं घेऊन झाल्यावर दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. कुणी हाक मारत नव्हतं. उठावंसं वाटेना.

परत वळले तर गाडीतून धूर. बाबा आतून जाळीवर हात मारत होते. ओरडत नव्हते, सांगत होते, ‘इंजिन बंद कर. पयलं इंजिन बंद कर.’ इतक्या महिन्यांत त्यांचं एवढं शहाणं बोलणं मी ऐकलं नव्हतं. आणि मी कुलपात चावी घालत होते, ती जाईना. शेवटी लागली. बाबांना बाहेर ओढलं, पुढे जाऊन इंजिन बंद केलं. तरी धूर थांबेना. समोरचा पंक्चरवाला धावत आला, त्याने फळी उचलून पान्याने बॅटरीची वायर सोडवली. वायर खालच्या पत्र्यातल्या भोकातून जाते तिथे लाल झालेली. फळी खालून जळालेली. बाबा झोपतात ती.

बाबा पळाले नाहीत. दारात वाकून आत बघत होते.

‘सगली उतरली का, बाय?’

उतरली, बोलले.

‘मोजलीस?’

मी मोजल्यासारखं केलं.

त्यांना काही झालं नाही. दोन दिवस खोकला होता. मला झोप नाही. डोळे मिटले की कुलपात चावी जात नाही.

आता काय बोलायचं ते बोल.

कल्पिता


अरबी समुद्र,
१४ मार्च

ताई,

तीनदा लिहून खोडलं. पहिल्यात फक्त शिव्या होत्या. तुला कळलेलं असताना, मी लिहिलेलं असताना, असं सगळं. ते सगळं मी जहाजाच्या मागच्या टोकाला उभं राहून मोठ्याने बोललो आणि आलो. अजूनही थोडा राग आहे. तो लपवत नाही.

मग इथल्या बॅटरी रूममध्ये गेलो. दर सोमवारी जातो. जहाजाची सगळी वीज गेली तर जिवावर बेतू नये म्हणून तिथे बॅटऱ्यांची रांग असते. त्या खोलीला दोन गोष्टी सक्तीच्या आहेत, चोवीस तास हवा बाहेर ओढणारा पंखा, आणि आतून उघडणारं दार. मी चार वर्षं त्या दारातून ये-जा करतोय, त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

आता माझं ऐक. मी तुला एप्रिल सांगितलं ते खोटं होतं. जानेवारीत कंपनीने विचारलं, जुलैपर्यंत राहशील का. मी तिथल्या तिथे हो बोललो. त्याच्या आदल्या आठवड्यात तू व्हिडिओ कॉलवर बाबांना धरून बसवलेलंस, आठवतं? तू पाणी आणायला गेलीस तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘साहेब, गाडी कुठं लावू?’ मी बोललो, लावा तिथेच. आणि फोन ठेवला. तुला बोललो नेट गेलं. मला सगळं माहीत होतं, ताई. तुझी यादी वाचून विचारलं ना गाडीत कोण असतं, तेव्हाही माहीत होतं. तूच लिहावंस म्हणून विचारलं. तर कुलूप तू एकटीने नाही लावलंस.

आता गाडी. सगळ्यात आधी कुलूप आणि कडी काढ. वायरीला हात लावायच्या आधी. मग जाळी.

वायर भोकाच्या कडेने घासून सोलली गेली आणि गाडीच्या पत्र्याला लागली. भोकात रबर नव्हतं. फ्यूज नव्हता, म्हणून इंजिन बंद केल्यावरही मागच्या बॅटऱ्या आग पुरवत राहिल्या. पंक्चरवाल्याला माझा नमस्कार सांग. त्या बॅटऱ्या परत दे. त्याऐवजी लिथियमच्या दोन घ्या, बारा व्होल्टच्या, शंभर-शंभर अँपिअर अवरच्या, एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. नवीजुनी जोडी लावायची नाही, जुनी नवीला ओढत राहते. त्यातून गॅस निघत नाही, तरी फळीखाली नको. ड्रायव्हरच्या मागे पत्र्याचं कपाट करून, हवेला जागा ठेवून, पट्ट्याने घट्ट बांध. प्रत्येकीच्या प्लसला फ्यूज, वायरीच्या भोकात रबर, आणि दोन्हींना जोडणाऱ्या वायरी सारख्या लांबीच्या. प्लस एकीवरून घ्यायचं, मायनस दुसरीवरून, म्हणजे दोघी सारख्या दमतात. इंजिनकडून थेट वायर नको, मधे चार्जर लागतो, तो मोजूनमापून भरतो. छतावर एक सोलर पॅनेल. तुझे दोन पंखे आणि लाइट त्या बँकला काहीच नाहीत, दोन दिवस ऊन नसलं तरी चालतील. हे सगळं प्रफुल्लला वाचून दाखव, आणि वायरीचं टोक हातोडीने ठोकून बसवायचं नाही, त्याचं दाबयंत्र असतं ते आणायचं, असं माझ्या नावाने सांग.

मग चावी तुझ्या पर्समध्ये राहील आणि पंखा चालू राहील. बाबा ड्रायव्हर सीटवर बसले तर बसू देत. चावीशिवाय ती फक्त खुर्ची आहे.

बदली माणूस मागितलाय. बघतो बोललेत.

कमलेश


मोहने,
२ एप्रिल

कमलेश,

हे गाडीतून लिहितेय. इंजिन बंद आहे, चावी पर्समध्ये, दोन्ही पंखे चालू. दार उघडं आहे.

कडीकुलूप त्याच दिवशी काढलं. जाळी काढताना प्रफुल्लने पहिल्यांदा विचारलं, ही कुणासाठी होती, आणि मी सांगितलं. तो बोलला, ताई, मला आधी सांगितलं असतं तर मी वेगळं काम केलं असतं. मग त्याने तुझा मेल स्वतःच्या फोनवर घेतला आणि बारा दिवस त्यावरून काम करत राहिला. दाबयंत्र डोंबिवलीहून मागून आणलं. भोकात रबर दोन वेळा बदललं. काल सगळं जोडल्यावर स्वतः फळीवर तासभर पडून राहिला, पंखा चालू ठेवून. बोलला, आता आणा बाबांना.

खरं सांगते, मला वाटत होतं काही उपयोग होणार नाही. माझी समजूत होती की बाबांना इंजिनच्या आवाजाने झोप लागते. तो आवाज थांबला की उठणार, चालायला लागणार, आणि आता तर दार उघडं.

गाडी भिंतीपाशी लावली. इंजिन बंद केलं. बाबा उठलेच. पुढे आले. मी सीटवरून सरकले. ते ड्रायव्हर सीटवर बसले, हँडब्रेक ओढलेला होता तरी पुन्हा ओढून बघितला. खाली उतरले. मी मागोमाग. गाडीला पूर्ण फेरी मारली, चारही टायरवर लाथ मारली, काचेवरची पानं काढली. मग माझ्याकडे बघून बोलले, ‘शिफ्ट सुटाला टाईम हाय.’ आणि मागे जाऊन झोपले.

कमलेश, इतके दिवस मी त्यांना सुटायला तयार असलेल्या बसमध्ये कोंडून ठेवत होते. इंजिन चालू, माणसं चढलेली, आणि ड्रायव्हरला जागेवर जाऊ देत नाहीत. कोण शांत बसेल? इंजिन बंद झालं म्हणजे हॉल्ट. हॉल्टला ड्रायव्हर झोपतो. आयुष्यभर तेच केलं त्यांनी.

रोज असंच होईल असं नाही. आत्ता मधे एकदा उठून चहाच्या टपरीपर्यंत गेलेले, मी चपला न घालता धावले. पण हात धरल्यावर आले परत.

तुझ्या दोन बॅटऱ्या छान आहेत. छोट्या स्क्रीनवर किती चार्ज उरलाय त्याचा आकडा दिसतो, मी सारखी तोच बघत बसते. पण मला आता आणखी काही लिहून पाठवू नकोस. वायरी झाल्या. तू ये. बाबा तुला साहेब बोलतील, अंकल बोलतील, काहीही बोलतील. मला ते महिन्यातून पंधरा दिवस आई समजतात, आणि मी ओ देते.

ताई


कोलंबो,
९ एप्रिल

ताई,

बदली माणूस चढला. मी उतरलो. परवा दुपारी घरी.

विमानतळावर तीनदा वाटलं, अजून परत जाता येईल. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर खोटं बोलता येणार नाही.

कमलेश


ठाणे,
१४ मे

कमलेश,

बाबांना तू घेतलंस आणि मला इकडे कामाला धाडलंस, तर आता शाळेच्या ऑफिसात बसून लिहितेय. नवीन शाळा बरी आहे, ॲडमिशनची गर्दी आहे, टेबलाला खिडकी आहे. माझ्या मैत्रिणीने, संचिताने, तिच्या घरी पुढची खोली मला दिलीय. ती सारखी खायला घालते आणि विचारत काही नाही.

फोन करायचा नाही हे आपलं ठरलंय, माझा आवाज ऐकला की बाबा मला शोधत निघतात, कळतंय. पण तू लिहितोस ते तरी नीट लिही. ‘सगळं ओके’ हे काय पत्र झालं? आकडा किती असतो संध्याकाळी? पॅनेल पुसतोस का, शीळफाट्याच्या धुळीने दोन दिवसांत पांढरं होतं. बाबांना दुपारची गोळी जेवणाआधी, नंतर नाही. घाटात त्यांना खिडकीकडे बसवू नकोस. निळा शर्ट मागतात तेव्हा निळाच दे.

इथे मी पाच वाजता मोकळी असते. तळ्याकाठी, तलावपाळीला जाऊन बसते. दर दहा मिनिटांनी उठते आणि बघते की माझ्याबरोबर कोण होतं. कुणी नसतं. मग बसते. काल ठरवलेलं, राजीनामा द्यायचा आणि परत यायचं. अर्ज लिहिला पण. पर्समध्ये आहे.

येऊ का? खरं सांग.

ताई


खडवली,
१६ मे

ताई,

अर्ज पर्समध्येच राहू दे. आता नीट लिहितो.

पहिले दहा दिवस मी तुला ओके लिहिलं, कारण दुसरं लिहिण्यासारखं नव्हतं. मी रोज सकाळी त्यांना सांगायचो, बाबा, मी कमलेश. ते मान हलवायचे, हसायचे, आणि दुपारी विचारायचे, तुमची बदली कुठून झाली. एक दिवस मी चिडलो. आवाज चढवला. ते घाबरून सीटच्या कोपऱ्यात सरकले. तुझ्या हातून कडीकुलूप कसं लागलं असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तो दिवस मी तुला ओके म्हणून कळवला.

त्यानंतर मी कोण आहे ते सांगणं सोडलं. काल सकाळी त्यांना विचारलं, आज गाडी कुठे घ्यायची. मला वाटलं मोहने. त्यांनी सांगितलं, ‘खडवली.’ का, ते विचारलं नाही. टिटवाळ्यावरून आलो, नदीच्या अलीकडे आंब्याच्या झाडाखाली गाडी लावली. इंजिन बंद केलं. त्यांनी टायर बघितले, नदीवर जाऊन पाय धुतले, पँटलाच पुसले, आणि परत आले. पण आडवे झाले नाहीत. दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

मी रात्रपाळीच्या माणसासारखा दिसत असणार. उतरल्यापासून मला सलग झोप नाही. जहाजावर यंत्राचा आवाज असतो, घरी त्यांची चाहूल घेत पडून राहतो.

ते बोलले, ‘तू झोप. मी हाय.’

मी नको बोललो. त्यांनी फळीकडे बोट दाखवलं, आपल्याला लहानपणी दाखवायचे तसंच, दुसऱ्यांदा न सांगता. मी आडवा झालो. वाटलं पाच मिनिटं डोळे मिटतो, कान उघडे ठेवतो. वर पंखा फिरत होता. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा दोन तास होऊन गेलेले. दार सताड उघडं. उडी मारून दाराशी आलो, आणि त्यांच्या पाठीवर आदळता आदळता राहिलो. ते पायरीवर बसले होते, दोन्ही हात दाराच्या दोन बाजूंना. समोर तीनचार माणसं नदीकडे चाललेली, मोठमोठ्याने बोलत. बाबांनी त्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं होतं. त्यातला एक माझ्याकडे बघून बोलला, काका कुणाला जवळ येऊ देत नाहीत, बोलतात आतलं माणूस झोपलंय.

ताई, मी तिथेच त्यांच्या मागे बसलो. बराच वेळ. कुठेही जायची घाई नव्हती, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. त्यांनी मागे वळून बघितलं, झोप झाली का विचारलं, मी हो बोललो. बस्स, एवढंच बोलणं झालं. पण मी कोण ते त्यांना माहीत असण्याची मला काल गरज वाटली नाही. ज्याला झोपवायचं आणि ज्याच्यासाठी दार अडवून बसायचं असा मी कुणीतरी होतो.

म्हणून आज पुन्हा इथेच आलोय. तू शनिवारी ये, स्टेशनवर घ्यायला येतो. शनिवार-रविवार राहा, सोमवारी परत जा. बाबा तुझ्यामागे निघाले तर मी त्यांच्यामागे निघेन, आणि दोघं मिळून परत येऊ. एवढं चालता येतं मला आता. तलावपाळीला दहा मिनिटं बसवत नसेल तर नऊ मिनिटं बस, पण बस.

आकडा बघितलेला नाही. बाहेर ऊन आहे, भरत असेल.

इथे थांबतो. बाबा नदीवरून हाका मारतायत. कुठल्या नावाने ते विचारू नकोस, पण मलाच मारतायत.

कमलेश